सात इंची

आमच्या जीपला लोक ‘व्हिन्टेज’ म्हणायला लागले तेव्हा अण्णांना तो शब्द आवडला नाही. त्यांच्या मते गाडी एक तर चालते किंवा चालत नाही. १९७२ सालची महिंद्राची जीप, लांब चासीची, मागे सागवानी फळ्यांचा हौदा. गेली पन्नास वर्षं ती नागावच्या वाडीतून नारळ, सुपारी, झावळ्या आणि प्रसंगी वऱ्हाडही घेऊन अलिबागला जाते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिन्टेज नोंदणीचे वेगळे नियम केले, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर दिला. पण त्या नंबरावर गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यात आणता येत नाही, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. आमच्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल बसवलं त्याला तीस वर्षं होऊन गेली. म्हणजे कागदोपत्री आमची गाडी व्हिन्टेज नाही, नुसतीच जुनी.

या गाडीचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या विलीस कंपनीच्या सीजे-३बी मॉडेलचा, १९५३ चा. उंच डोक्याचं हरिकेन इंजिन मावावं म्हणून तिचं बॉनेट उंच केलं, आणि तेच तोंड घेऊन ती भारतात पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. ब्रेक मात्र त्या काळचे. चारही चाकांना ड्रम, फळीतून वर आलेलं पेडल, फळीखाली चासीला बसवलेला मास्टर सिलिंडर. मदतनीस कोणी नाही. पायाने जेवढं दाबाल तेवढंच चाकापर्यंत जाणार.

हे पन्नास वर्षं कोणाला खटकलं नाही, कारण दाबणारा पाय अण्णांचा होता. मग त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सांधा नवा बसला, चालणं सुधारलं, डॉक्टरांनी पुढे गाडी चालवायलाही परवानगी दिली. पण एकदा कार्लेखिंडीच्या उतारावर पुढच्या एसटीने अचानक ब्रेक मारला आणि आमची जीप तिच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबली. आई शेजारी बसली होती. त्यानंतर ती जीपमध्ये बसली नाही. काही बोलली नाही, फक्त अलिबागला रिक्षाने जायला लागली. दादाचं म्हणणं सरळ होतं, गाडी विका. अण्णांचं म्हणणं होतं, बूस्टर बसवू. आणि बूस्टर शोधण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मुंबईत नोकरी करते आणि घरातल्या सगळ्यांच्या मते मुंबईत सगळं मिळतं.

बूस्टर म्हणजे काय हे मला आमच्या मिस्त्रींनी दोन पराती घेऊन समजावलं. दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडल्या आणि मध्ये रबरी पडदा ताणला की झाला बूस्टर. दोन्ही बाजूंची हवा काढून ठेवायची. पाय पेडलवर पडला की मागच्या बाजूची झडप उघडते, तिथे बाहेरची हवा घुसते आणि पडद्याला पुढे ढकलते. पुढे दांडा, दांड्यापुढे मास्टर सिलिंडर. पाय वाट दाखवतो, बळ हवेचं. समुद्रसपाटीला ही हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार टाकत असते. महाबळेश्वरला तो चौदा-पंधरा टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे निदान या बाबतीत आम्ही किनाऱ्यावरचे लोक नशीबवान.

पण हवा काढून घेणार कोण? पेट्रोल इंजिन श्वास घेतं तेव्हा त्याच्या घशात एक झडप आडवी असते, त्यामुळे आतल्या नळीत आपोआप पोकळी तयार होते आणि बूस्टर तिथूनच जोडता येतो. डिझेलच्या घशात तशी झडप नसते. ते मोकळा श्वास घेतं. म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्युम पंप लागतो, बहुधा अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला. आमच्या जीपला बूस्टरच नव्हता, त्यामुळे डिझेल इंजिन बसवणाऱ्याने पंपाची फिकीर केलीच नव्हती. म्हणजे ‘बूस्टर शोधा’ या दोन शब्दांत अल्टरनेटर, पंप, पंपाला इंजिनातून तेल आणणारी नळी, ते तेल परत खाली सोडणारी नळी, एवढं सगळं होतं.

मी एका शनिवारी कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेले. जुन्या सुट्या भागांचा तो बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एकदा पाहावा. फुटपाथभर दरवाजे, आरसे, गिअरबॉक्स, आणि एका दुकानाच्या तोंडाशी पिवळट सोनेरी मुलाम्याच्या बूस्टरांची चळत, लग्नघरातल्या भांड्यांसारखी. मी जीपचं नाव घेताच दुकानदाराने सगळ्यात मोठा उचलून दिला. दुहेरी पडद्याचा, आठ अधिक नऊ इंची. चारही चाकांना डिस्क असलेल्या कुठल्यातरी भारी गाडीचा. म्हणाला, याने ट्रकसुद्धा जागेवर थांबेल. भावही ऐकण्यासारखा होता. मी मिस्त्रींना फोन लावला.

‘ताई, ठेव तो खाली,’ ते म्हणाले. ‘आधी घरी ये. अण्णांचा पाय मोजू.’

मला वाटलं चेष्टा करतायत. पण पुढच्या रविवारी त्यांनी खरोखरच घरातला वजनकाटा मागवला, भिंतीला उभा टेकवला, समोर जीपच्या सीटच्या उंचीचं स्टूल ठेवलं आणि अण्णांना काट्यावर पाय दाबायला सांगितलं. घाईत दाबाल तसं, एकदम. डावा पाय, ५२ किलो. उजवा पाय, ३१. तीन वेळा दाबून पाहिलं, आकडा ३१ च्या पुढे गेला नाही. अण्णा काट्याकडे बघत राहिले, मग म्हणाले की काटा जुना आहे. दादाने दाबला तेव्हा त्याच काट्याने ६८ दाखवले.

मग हिशेब झाला. आमच्या पेडलची तरफ साधारण सहापट. भरल्या जीपला हवा तसा ब्रेक लागायला पेडलवर पन्नासेक किलो पडावे लागतात, म्हणजे दांड्यावर ३०० किलो. एक इंची पिस्टनवर तेवढा भार म्हणजे आतल्या तेलात दर चौरस सेंटिमीटरला साठेक किलोचा दाब. अण्णांचे ३१ किलो दांड्यावर पोहोचेपर्यंत होतात १८६. तूट ११४ किलोंची.

आता बूस्टर. पंपाने वीस इंच पाऱ्याइतकी पोकळी दिली तर सात इंची पडद्यावर हवेचं बळ येतं सुमारे १७० किलो, नऊ इंचीवर २८०, आणि कुर्ल्याच्या त्या जोडपडदी सोनेरी परातीवर साडेचारशेच्या वर. स्प्रिंग आणि झडपेचा हिस्सा वजा करावा लागतो, पण अंदाजाला एवढं पुरे. ११४ ची तूट भरायला सात इंची बस्स होता.

जास्त मदत मिळाली तर बिघडलं कुठे, असं दादाने विचारलंच. यावर मिस्त्री बराच वेळ बोलले, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच होती. डिस्क ब्रेक नुसता चिमटा काढतो, म्हणून त्याला जोर जास्त लागतो आणि डिस्कच्या गाड्यांना मोठा बूस्टर देतात. ड्रममधला पुढचा शू मात्र एकदा टेकला की फिरता ड्रम त्यालाच ओढून घेतो, स्वतःचा दाब स्वतःच वाढवतो. अशा ब्रेकला मोठा बूस्टर लावला की तो लागत नाही, पकडतो. त्यात आमचा हौदा कधी नारळांनी भरलेला, कधी रिकामा. रिकाम्या गाडीची मागची बाजू हलकी असते, चाकं जागीच गोठतात आणि पावसाळ्यात लाल मातीच्या रस्त्यावर गाडी पाठ फिरवते. शहाणा माणूस हळू दाबेल हे खरं. पण एसटीचे मागचे दिवे लागतात तेव्हा पाय शहाणा नसतो.

बूस्टरशिवायही एक वाट होती. मास्टर सिलिंडरचा घेर एक इंचावरून सात सुतांवर आणायचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पिस्टन लहान झाला की त्याच पायात तीसेक टक्के जास्त दाब मिळतो, पण पेडलही तेवढंच जास्त खाली जातं. लायनर थोडे झिजले की पेडल फळीला टेकणार. ती वाट आम्ही सोडली.

आणि मग ते काम निघालं ज्याबद्दल कोणी मला सांगितलं नव्हतं. मूळ जीपचा मास्टर सिलिंडर एकेरी. चारही चाकांचं तेल एकाच वाटेने जातं, एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. मग उरतो हातब्रेक, जो या जीपमध्ये चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. मिस्त्री गाडीखाली गेले, नखाने ब्रेकचा पाइप खरवडला आणि पापुद्रा माझ्या तळहातावर ठेवला. खारी हवा. आमच्याकडे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे पेन्सिलीएवढी नळी काय टिकणार. या नळ्यांत बूस्टरचा दाब सोडणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला शर्यतीत पळवणं. तेव्हा आधी सगळे पाइप नवे, चाकांचे सिलिंडर नवे, होज नवे, आणि पुढची-मागची वाट वेगळी करणारा जोड मास्टर सिलिंडर, घेर तोच, एक इंच. यावर बूस्टरच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. दादा म्हणाला की एवढ्यात जुनी अल्टो आली असती. खरं होतं ते. कोणी उत्तर दिलं नाही.

सात इंची बूस्टर मी भंगारातून नाही घेतला. पडद्याचं रबर वर्षानुवर्षं पडून कडक होतं, बाहेरून सोनं दिसतं आणि आत भेग असते. सुट्या भागांच्या दुकानातून नवा घेतला, एका छोट्या मोटारीचा, मिस्त्रींनी फोनवर सांगितलेली मापं दोरीने तपासून. बोल्टांमधलं अंतर, दांड्याची लांबी, पाठीची खोली. पावसाळा लागला होता, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा बंद होत्या, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने आणला. वरच्या मजल्यावर मांडीवर खोकं घेऊन बसले होते तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, केक का?

बसवायला चार दिवस लागले. त्याच घराण्यातल्या नंतरच्या एका डिझेल गाडीचा पंपवाला अल्टरनेटर मिस्त्रींनी पैदा केला, त्याला तेलाच्या नळ्या जोडल्या, काटा लावून पोकळी मोजली, वीसच्या थोडी वरच निघाली. बूस्टर फळीखाली चासीवर बसला. तिथे पाणी आणि वाळू उडणार, आणि बूस्टर तर मागून हवा ओढतो, म्हणून त्याला पत्र्याचं आडोशाचं पान आणि स्पंजाची चाळणी. ती चाळणी महिन्याला धुवायची, हे काम अण्णांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

सगळ्यात नाजूक जागा मला शेवटी कळली. बूस्टरचा दांडा आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात अर्ध्या ते एक मिलिमीटरची फट राहावी लागते. जास्त राहिली तर पेडलची चाल फुकट जाते. फटच नसली तर पिस्टन पुरता मागे येत नाही, तेल परतत नाही, ब्रेक किंचित लागलेलेच राहतात, तापतात, तापून आणखी लागतात, आणि पाचेक किलोमीटरवर गाडी आपोआप जखडते. ही फट मोजायला मिस्त्रींनी आईकडे कणकेची गोळी मागितली. दांड्याच्या टोकावर गोळी लावली, मास्टर बसवला, परत काढला, चपटी झालेली कणीक मापली. जाड. दांड्याचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. पुन्हा गोळी. आई तिथेच परात घेऊन उभी राहिली. चौथ्या गोळीला मिस्त्री म्हणाले, झालं. तिने ती गोळी स्वतः बोटांत धरून बघितली.

इंजिन बंद ठेवून अण्णांनी पेडल पाच वेळा दाबलं, ते दगडासारखं कडक झालं. पाय तसाच ठेवून चावी मारली. इंजिन लागलं आणि पेडल दोन बोटं खाली उतरलं. बूस्टर जिवंत असल्याची ही खूण. पण मिस्त्रींनी त्यांना त्याच्या उलटही करायला लावलं. मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगात इंजिन बंद करून ब्रेक. साठवलेल्या पोकळीवर एकदा चांगला लागला, दुसऱ्यांदा बरा, तिसऱ्यांदा पुन्हा ३१ किलोचा पाय आणि जुनी जीप. ‘हे लक्षात ठेवा अण्णा,’ ते म्हणाले. ‘उतारावर गाडी बंद पडली तर दोनदाच मिळेल. तिसरा हातब्रेक.’ अण्णांनी मान डोलावली. नंतर, कोणी न सांगता, त्यांनी ठरवलं की भरली गाडी घेऊन कार्लेखिंड दादाने ओलांडायची. ते स्वतः नागाव-अलिबाग आणि फार तर रेवदंडा.

पहिल्या दिवशी दादाने चालवली आणि सवयीने ६८ किलोचा पाय मारला. हौद्यातले सगळे नारळ धडाधड केबिनवर आले. अण्णा मात्र पहिल्यापासून अलगद दाबतात.

आई गेल्या महिन्यात जीपमधून अलिबागच्या बाजाराला गेली. येताना रिक्षाने आली, पण ते कांद्यांच्या माळा खूप झाल्या म्हणून, असं ती सांगते. अण्णांचा आता डावा गुडघा दुखायला लागलाय. क्लचला बूस्टर बसतो का, असं परवा मिस्त्रींना विचारत होते.