गल्लीतले झाकण

आमच्या चाळीत पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, पायऱ्यांत मोजतात. 'आज एक पायरी' म्हणजे चपला हातात घेऊन बाहेर पडायचे. 'दोन पायऱ्या' म्हणजे तळमजल्यावरच्यांनी गादी, पीठ आणि मुलांची दप्तरे उचलायची. 'तीन पायऱ्या' झाल्या की तळमजल्यावरची माणसे वर येतात आणि ज्याच्या घरात जागा असेल तिथे बसतात. तेव्हा कोण कुठल्या जमातीचा, हे कुणी विचारत नाही. परळला, हिंदमातापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमची चाळ आहे. अब्बा रत्नागिरीकडून गिरणीत कामाला आले, तेव्हापासून आम्ही इथेच. पायऱ्या मोजायला मी अब्बांकडूनच शिकले.

पाणी इथेच का तुंबते, असे मुले वर्गात विचारतात. मी फळ्यावर बशी काढते. मुंबई मुळात सात बेटांची. बेटांमधली दलदल आणि खाजण भरून हे शहर जोडले गेले. हिंदमाता, परळ, दादरचा हा भाग त्या बशीच्या तळासारखा आहे. चारी बाजूंचे पाणी इथे उतरते. इथून ते रे रोडला ब्रिटानिया नाल्याच्या मुखातून समुद्रात जायचे. वाट लांब आणि उतार जेमतेम. जुनी गटारे इंग्रजांच्या काळातली. ताशी 25 मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्या वेळी समुद्राला ओहोटी असेल, अशा हिशेबाने बांधलेली. भरती आली की समुद्र पाणी घेत नाही. त्यात गिरण्यांच्या आवारातली तळी आणि मोकळी माती गेली, तिथे टॉवर आणि काँक्रीट आले. जमिनीने प्यायचे पाणीही रस्त्यावर आले.

हे कुणाला माहीत नव्हते असे नाही. गटारांची क्षमता दुप्पट करण्याची 'ब्रिमस्टोवॅड' योजना 1993 मध्येच कागदावर तयार होती. तिला खरी जाग आली 26 जुलै 2005 नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला फक्त 73. एकाच शहरात एकीकडे कयामत आणि दुसरीकडे साधा पावसाळी दिवस. त्यानंतर समुद्रकाठी मोठे पंप बसवण्याची कामे सुरू झाली. कामे झाली हे खरे, पण आमच्या पायऱ्या मोजणे काही थांबले नाही.

मला आज सांगायचे आहे ते मात्र 29 ऑगस्ट 2017 च्या संध्याकाळचे. आठ वर्षे मी हे लिहायचे टाळले.

मंगळवार होता. शनिवारी बकरी ईद. चाळीत आणलेले दोन बोकड मुलांनी दुपारीच गच्चीच्या जिन्यावर नेऊन बांधले. तळमजल्यावरच्या काकूंच्या घरी गणपती बसले होते. पाणी दुसऱ्या पायरीला लागले तेव्हा आमच्याच मुलांनी मूर्ती पाटासकट अलगद उचलली आणि पहिल्या मजल्यावर, त्यांच्या नात्यातल्या एका घरात नेली. रस्त्याने कमरेएवढ्या पाण्यातून माणसे चालत होती. लोकल बंद होत्या. मंडळाची मुले वाटसरूंना चहा-बिस्किटे देत होती, मशिदीत लोकांना बसायला जागा केली होती. मुंबईचे लोक कसे एकमेकांना धरून राहतात, याच्या गोष्टी दुसऱ्या दिवशी सगळीकडे आल्या. त्या खऱ्या होत्या. पण आमच्या गल्लीतली आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नाही.

मगरीबच्या सुमारास पाणी तिसऱ्या पायरीला टेकले. मदतीच्या नंबरवर फोन लागत नव्हता. तेव्हा चार मुले पहार घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेली आणि त्यांनी गटाराचे लोखंडी झाकण उचलून बाजूला केले. मुंबईत हे कुणाला नवीन नाही. आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. अंधार पडला होता, म्हणून बॅटरी मी धरली. पाणी गरगरत खाली जायला लागले तेव्हा सगळ्यांनी 'शुक्र आहे' म्हटले. मुलांनी तिथे एक बांबू उभा केला. खूण म्हणून मी माझी लाल ओढणी त्याला बांधली आणि आम्ही घरी येऊन चहा घेतला. तासाभराने खिडकीतून पाहिले तर बांबू नव्हता. तो प्रवाहाबरोबर गेला होता. मी ओरडून मुलांना सांगितले. एक जण जाऊन तिथे उभा राहिला. पण मधला तो अर्धा-पाऊण तास तिथे कुणीही नव्हते.

आमच्या गल्लीत काही घडले नाही. अल्लाहचा करम. पण त्याच संध्याकाळी आमच्यापासून फार दूर नाही अशा एका रस्त्यावर शहरातले एक नामवंत डॉक्टर गाडी सोडून पायी घराकडे निघाले होते. ते पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. पुढे झाकण उघडल्याच्या आरोपावरून जवळच्या चाळीतल्या चार तरुणांना पोलिसांनी अटक केली.

चार! आमच्याकडेही चारच होते. त्यातला एक माझा भाचा.

ती बातमी वाचली त्या रात्री अब्बांनी मला जवळ बोलावले. तेव्हा ते हयात होते. म्हणाले, "आपल्याकडचं झाकण कुणी काढलं?"

मी म्हटले, "मुलांनी."

"आणि बॅटरी कुणी धरली होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. अब्बा पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढे कित्येक दिवस मला एक हदीस आठवत राहिली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती ऐकलेली असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका जहाजाचे उदाहरण दिले. काही लोक वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे आणि वरच्यांना त्याचा त्रास होई. मग खालच्यांनी ठरवले की आपल्याच वाट्याच्या तळाला भोक पाडून पाणी घेऊ. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील, हात धरला तर सगळेच वाचतील.

मी आलिम नाही, साधी शिक्षिका आहे. पण आमच्या गल्लीत ही हदीस मला दोन्ही बाजूंनी दिसली. आम्ही भोक पाडणारे होतो. आमच्या जागेत, आमच्या सोयीसाठी. त्याने दुसऱ्या कुणाचे घर बुडू शकते, याचा विचार आम्ही केला नाही. हा गुन्हा आमचा, तो पालिकेवर ढकलता येणार नाही. पण खालच्या लोकांची तहान खोटी नव्हती, हेही तेवढेच खरे. त्यांची अडचण वेळेवर कुणी ऐकली असती, तर कुणी तळाला हात लावला नसता. नागरिकाने झाकण उघडू नये, हे बरोबर. मग पाणी तुंबल्यावर ते कोण, कधी आणि कसे काढणार, हे त्याला माहीत असायला नको का?

आपल्या घरांत एक शब्द फार सहज वापरला जातो: सब्र. पाणी शिरले, सब्र करा. तक्रार ऐकली नाही, सब्र करा. मला वाटते, आपण सब्रला गप्प बसण्याचे दुसरे नाव करून टाकले आहे. सब्र म्हणजे टिकून राहणे. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपलीच आहे. आणि वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हेही आपण मुलांना पाठ करून घेतो. मग उघडे गटार ही वाटेतली इजा नाही तर काय?

2018 च्या पावसाळ्यात आम्ही चाळीत एक वही सुरू केली. दोनशे पानी, साधी. त्यात तारीख, पाणी कधी आले, किती पायऱ्या, कधी ओसरले, 1916 वर किती वाजता फोन केला, तक्रारीचा नंबर काय, कोण आले, काय केले, एवढेच लिहायचे. भिंतीवर मुलांनी खडूने खुणा केल्या. पहिल्या वर्षी लोक हसले. काकू म्हणाल्या, "बाई, पाण्याची हजेरी घेता होय?" पण सगळ्यात नेमाने नोंद त्यांनीच ठेवली. दुसऱ्या वर्षी आम्ही ती वही घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. 'दर वर्षी पाणी भरते' म्हणणाऱ्याला तिथे बसायलाही कुणी सांगत नाही. पण 'भरती नसतानाही या पाच तारखांना पाणी चार तासांहून जास्त थांबले' असे दाखवल्यावर एका अभियंत्याने वही हातात घेतली आणि पाने उलटून पाहिली. रस्त्याचे काँक्रीट करताना गल्लीच्या तोंडाची जाळी डेब्रिजने बुजली होती. ती मोकळी व्हायला अकरा तक्रारी आणि दोन पावसाळे लागले. पण झाली. झाकणाखाली लोखंडी जाळीही बसली. अशा जाळ्या त्या दुर्घटनेनंतर शहरात बसवायला सुरुवात झाली होती.

मधल्या काळात हिंदमातालाही कामे झाली. दोन पुलांमधला रस्ता उंच केला. पावसाचे पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रचंड टाक्या बांधल्या. त्याचा फायदा झाला, हे मान्य करायला हवे. पूर्वी दिवसभर थांबणारे पाणी आता बऱ्याचदा लवकर ओसरते. तरी लोकांशी बोलले की वेगवेगळी मते ऐकू येतात. कापड बाजारातले एक दुकानदार म्हणतात, "रस्ता वर गेला, गाड्या सुटल्या. आमचं दुकान मात्र खड्ड्यात गेलं." निवृत्त गिरणी कामगार चाचा म्हणतात, "टाकी बांधली, पण पंपाचं बटण दाबायला माणूस नको?"

चाचांचे बोलणे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. 26 मे 2025 ला, एरवी 11 जूनच्या आसपास येणारा पावसाळा मुंबईत येऊन थडकला. कुलाब्याचा मे महिन्यातल्या पावसाचा 1918 पासूनचा विक्रम मोडला आणि हिंदमाता पुन्हा पाण्यात गेले. नंतर पालिकेने हिंदमातासह चार ठिकाणच्या पंप चालवणाऱ्यांना प्रत्येकी 10 लाख रुपये दंड केला. त्यांची यंत्रणा वेळेवर तयार नव्हती. कोट्यवधी रुपयांच्या कामाची किंमत शेवटी वेळेवर सुरू होणाऱ्या एका पंपावर ठरते. आणि जाब विचारायला तेव्हा आपला नगरसेवक जागेवर नव्हता. 7 मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपली, तेव्हापासून 2026 च्या सुरुवातीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता.

आपलीही बाजू पाहू या. त्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या जाळीवरून मुलांनी काय काय काढले? दुधाच्या पिशव्या, लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, एक उशी. राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे. त्या पिशव्या कुणी परदेशातून येऊन टाकल्या नाहीत. वजूला पाणी जपून वापरा म्हणणाऱ्या घरातून गटारात कचरा जातो, तेव्हा आपला पालिकेला विचारण्याचा हक्क थोडा कमी होतो.

त्या 26 मेला झाकणापाशी उभे राहण्याची पाळी माझी आणि काकूंची होती. हो, आता पाणी चढले की झाकण कुणी उघडत नाही आणि गल्लीच्या तोंडाशी आळीपाळीने दोन माणसे उभी राहतात. सुट्टीचे दिवस, म्हणून मी मोकळी होते. पाणी एक पायरी होते. एवढ्यात एक बाई आली. डोक्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, मागे अशक्त नवरा. टाटा हॉस्पिटलला आले होते, नांदेडकडचे. तिने विचारले, "इथं खाली खड्डा आहे का हो?" मी म्हटले, "झाकण बंद आहे, जाळी पण आहे. तरी या बाजूने या." एक हात काकूंनी धरला, एक मी. पलीकडे गेल्यावर ती मागे वळून काही म्हणाली. पावसात ऐकू आले नाही.

पालिकेची निवडणूक पुन्हा कधी ना कधी होईल. उमेदवार आपल्या दारी येतील तेव्हा त्यांना रस्त्याला नाव कुणाचे देणार, हे विचारू नका. पंप कोण चालवतो, गाळ कधी काढला, पाणी तुंबल्यावर किती वेळात माणूस येईल, हे विचारा. आणि विचारताना हातात वही असू द्या. दोनशे पानी वही स्वस्तात मिळते.

अब्बा आज असते तर त्यांना सांगितले असते, बॅटरी अजून मीच धरते. आता ती झाकणावर नाही, वाटेवर धरते. अल्लाह आमची चूक माफ करो आणि त्या संध्याकाळी घरी न पोहोचलेल्या माणसाच्या कुटुंबाला सब्र देवो, खरा सब्र. आमीन.