मोडले की राहिले?

आपल्या भाषेत ‘नव्याचे नऊ दिवस’ अशी एक म्हण आहे. माणसाचा उत्साह किती दिवस टिकतो, याचा हिशेब या तीन शब्दांत चोख मांडलेला आहे. गुढीपाडव्याला, वाढदिवसाला किंवा शाळा सुरू होते त्या दिवशी आपण मोठ्या हौसेने एखादा संकल्प सोडतो. पहाटे उठून व्यायाम करीन, रोज एखादे फळ खाईन, रात्री वेळेवर निजेन! पहिल्या दिवशी घड्याळाचा गजर होण्याआधीच जाग येते. दहाव्या दिवशी गजर कानांवर पडतो खरा. पण तो शेजारच्या घरातला असावा, अशी मन स्वतःची समजूत घालते. अशा माणसासाठी आपल्याकडे ‘आरंभशूर’ असा एक गमतीदार शब्द आहे. शौर्य आहे, पण ते आरंभापुरतेच!

या आरंभशूरांना आळशी ठरवून आपण मोकळे होतो. मला मात्र हे निदान पटत नाही. खरा आळशी मनुष्य मुळी आरंभच करीत नाही. ज्याने नऊ दिवस पहाटे उठून दाखवले, त्याच्या अंगी उठण्याची शक्ती आहे, हे तर सिद्धच झाले. मग दहाव्या दिवशी ती शक्ती जाते कोठे?

या कोड्याचा उलगडा मला माझ्या भाचीमुळे झाला. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आली होती. तिला शाळेत सूर्यनमस्कार शिकवले होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमधून या व्यायामाचा केवढा प्रसार केला, हेही तिच्या गुरुजींनी सांगितले होते. ते ऐकून तिने रोज पहाटे बारा नमस्कार घालण्याचा नेम धरला. एका मोठ्या कागदावर चौकोन आखून तिने तक्ता तयार केला आणि तो भिंतीवर लावला. नमस्कार झाले की त्या दिवसाच्या चौकोनात ती तांबड्या पेन्सिलीने फुली मारी. अकरा चौकोन भरले. बाराव्या दिवशी आम्ही सर्वजण पहाटेच्या गाडीने एका लग्नाला गेलो आणि रात्री फार उशिरा परतलो. तो चौकोन रिकामा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, तोंड धुऊन तक्त्यापुढे येऊन उभी राहिली आणि तक्ता भिंतीवरून काढून त्याची घडी घालू लागली.

‘अगं, आज नमस्कार घालायचे नाहीत का?’ मी विचारले.

‘आता काय उपयोग, मामा? माझा नेम कालच मोडला.’ मग खाली बघत ती हळूच म्हणाली, ‘माझ्याच्याने काही होतच नाही. मी आहेच आळशी.’

तिच्या पहिल्या वाक्याचे मला विशेष काही वाटले नाही. पण दुसरे वाक्य मनाला लागले. एक दिवस व्यायाम चुकल्याने शरीराचे फारसे बिघडत नाही. परंतु अकरा वर्षांच्या मुलीने स्वतःविषयी असा निकाल देऊन टाकला आणि तो मनात मुरला, तर तो सूर्यनमस्कारांपुरता थोडाच राहणार? उद्या एखादे गणित अडले, गाण्यातला एखादा सूर हुकला, पोहताना एकदा नाकात पाणी गेले, की हेच वाक्य तिची वाट अडवून उभे राहणार! तक्त्यावर एकच चौकोन रिकामा होता. भरलेले अकरा चौकोन मात्र तिला दिसेनासे झाले होते.

मी तिला विचारले, ‘काल रात्री आल्यावर तू दात घासलेस का?’

‘नाही. झोपच अनावर झाली होती.’

‘मग आज सकाळी ब्रश केरात का टाकला नाहीस? तुझा दात घासण्याचा नेमही मोडलाच की!’

तिला हसू आले. ‘तो कसला नेम, मामा? दात घासायचे काल राहिले, इतकेच!’

मला हवे होते ते उत्तर तिनेच दिले. ‘मोडले’ आणि ‘राहिले’, हे दोन शब्द किती साधे! पण त्यांच्यात केवढे अंतर आहे पाहा. खेळणे मोडते, खुर्ची मोडते; मोडलेली वस्तू अडगळीत जाते. गृहपाठ राहतो, दळण आणायचे राहते, कोणाला निरोप द्यायचा राहतो. पण राहिलेले काम कोणी अडगळीत टाकत नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हाती घेतले जाते. घटना एकच, परंतु तिला आपण कोणते नाव देतो, यावर पुढची वाट ठरते. दात घासणे भाचीला आपले वाटत होते, म्हणून ते एक रात्र राहिले तरी तिचेच होते. व्यायाम मात्र तिला काचेच्या भांड्यासारखा वाटत होता. एक तडा गेला की संपले!

आमचे हे बोलणे माझे वडील ओसरीवर बसून ऐकत होते. अण्णा शिस्तीचे मोठे भोक्ते. रोज पहाटे नदीपर्यंत फिरून यायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नित्यक्रम. ते म्हणाले, ‘पोरीला भलते शिकवू नकोस. आज राहिले, उद्या राहिले, असे म्हणत बसले तर शिस्त लागणार कशी? घेतला वसा टाकू नये.’

अण्णांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे नाही. मी नम्रपणे म्हणालो, ‘अण्णा, गेल्या पावसाळ्यात हिवतापाने तुम्ही अंथरुणाला खिळला होता. पंधरा दिवस तुमचे फिरणे बंद होते. तेव्हा तुमचा वसा टाकला गेला का?’

‘छे! तेव्हा फिरणे राहिले होते,’ अण्णा एकदम बोलून गेले. आपल्या तोंडून कोणता शब्द बाहेर पडला हे ध्यानात येताच तेही हसले. मग म्हणाले, ‘सोळाव्या दिवशी मला नदीपर्यंत जाववेना. कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत गेलो आणि परतलो. पण गेलो खरा! एक दिवस राहिला तर राहू द्यावा. कारण सरले की त्यापुढचा राहू देऊ नये.’

अण्णांनी सांगितलेली ही मर्यादा फार मोलाची आहे. ‘राहिले’ हा शब्द धीर देण्यासाठी आहे, सबब सांगण्यासाठी नाही. जो मनुष्य राहिलेले काम पुन्हा हाती घेतो, त्यालाच तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आहे.

पुढे या विषयावरील एका संशोधनाची माहिती माझ्या वाचनात आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांचे सहकारी यांनी ते २०१० साली प्रसिद्ध केले. त्यांनी ९६ जणांना प्रत्येकी एक नवी चांगली सवय निवडायला सांगितली आणि १२ आठवडे तिची नोंद ठेवली. कोणी जेवणाबरोबर फळ खाण्याचे ठरवले, कोणी पाणी पिण्याचे, तर कोणी धावण्याचे. २१ दिवसांत सवय लागते, असे पुष्कळ लोक सांगतात. या नोंदींवरून मात्र असे दिसले की, सवय अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे सुमारे ६६ दिवस लागतात. सर्वांची गतीही सारखी नव्हती. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला तब्बल २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते. व्यायामाची सवय अधिक वेळ घेते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या कामात त्यामुळे म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. म्हणजे सवयीला त्या रिकाम्या चौकोनाने धोका नसतो. तो चौकोन पाहून तक्त्याची घडी घालणाऱ्या हातांनी असतो!

या संशोधनातील प्रत्येकाने आपली नवी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती. जसे की, न्याहारी झाल्यावर किंवा जेवणापूर्वी. यातही मोठे शहाणपण आहे. महात्मा गांधींच्या आत्मचरित्रात याचे एक सुंदर उदाहरण सापडते. शाळेत असताना त्यांना कसरतीची मुळीच आवड नव्हती. परंतु मोकळ्या हवेत लांब फिरण्याचे फायदे त्यांनी पुस्तकांत वाचले आणि फिरण्याची सवय लावून घेतली. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. तेथे खर्च कमी करण्यासाठी त्यांनी अशा जागी बिऱ्हाड केले की, कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी जाता यावे. गाडीभाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैलांचे चालणेही घडू लागले. या चालण्यामुळेच आपण तेथे बहुतेक निरोगी राहिलो, असे त्यांनी नमूद केले आहे. त्यांच्या दृष्टीने चालणे हे दिवसाला लावलेले निराळे ठिगळ नव्हते. दिवसाच्या कामांतच ते विणले गेले होते. जी गोष्ट आपल्या दिवसाचा भाग बनते, तिच्यासाठी रोज नव्याने निश्चय करावा लागत नाही.

भाचीनेही तसेच केले. दात घासून झाले की लगेच नमस्कार घालायचे, असे तिने ठरवले. बारा नव्हे, तीनच! ‘इतके थोडे चालतील का?’ तिने शंका काढली. ‘पिंपळापर्यंत गेलीस तरी नदीच्या वाटेवरच आहेस,’ अण्णांनी परस्पर उत्तर देऊन टाकले. तक्ता तिने पुन्हा भिंतीवर लावला. तो रिकामा चौकोन तसाच होता. पण आता तिच्या नजरेला तो खुपत नव्हता.

दिवाळीत ती पुन्हा आली, तेव्हा तीनाचे बारा नमस्कार झाले होते. ‘सहामाही परीक्षेच्या वेळी चार दिवस राहिले, मामा,’ तिने सहज सांगितले. त्या बोलण्यात खेद नव्हता आणि बढाईही नव्हती. मला तिच्या बारा नमस्कारांपेक्षा या सहजपणाचा अधिक आनंद झाला. ‘मी आहेच आळशी’ हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाही.

शेतातली पायवाट तुम्ही पाहिली असेल. ती कोणी एका दिवसात बांधत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांखाली गवत दबत जाते आणि वाट उमटते. एखाद्या दिवशी कोणी फिरकले नाही, म्हणून ती बुजत नाही; मात्र सर्वांनीच तिच्याकडे पाठ फिरवली, तर पावसाळ्यात तिच्यावर गवत माजते. आपल्या चांगल्या सवयी या अशा पायवाटाच होत. तुम्हीही कधी ना कधी एखादा नेम धराल, आणि एखाद्या दिवशी त्यात खंडही पडेल. त्या दिवशी स्वतःला दूषणे देऊ नका. ‘काल राहिले’ असे म्हणा आणि आज त्या वाटेवर पाऊल टाका.