बॉनचे टपाल आणि १९२१ सालचा शिक्का

टपाल खात्यात आमची तीस वर्षे गेली. थैली रिकामी करायची, पत्रे वर्गवारीला लावायची, शिक्का मारायचा, बटवड्याला द्यायची. त्यामुळे परगावी गेल्यावर लोक राजवाडे पाहतात, आम्ही आधी पोस्ट ऑफिस पाहतो. मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने आम्ही उभयता जर्मनीस गेलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बर्लिन दाखवू की म्युनिक?" आम्ही म्हणालो, "बॉन." घरात कुणी कारण विचारले नाही.

डॉ. बाबासाहेबांच्या चरित्रात बॉनचा उल्लेख एकदोन ओळींत येतो आणि संपतो. लंडनमध्ये शिकत असतानाच १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठात नाव दाखल केले. त्यासाठी अर्ज केला तो जर्मन भाषेत. तिथला अभ्यास पुरा झाला नाही, तरी नोंद राहिली. त्या वर्षीचा बॉनचा शिक्का मारलेले एखादे पाकीट डोळ्यांनी पाहावे, एवढीच आमची इच्छा होती.

कोलोनहून आगगाडीने अर्ध्या तासात बॉन येते. स्टेशनापासून चालत पाच-दहा मिनिटांवर म्युन्स्टरप्लाट्झ हा चौक. तिथे बेथोव्हेन या थोर संगीतकाराचा पुतळा आहे. तो याच गावचा, जन्म १७७०. पुतळा १८४५ सालचा. त्याच्या पाठीमागे पिवळ्या रंगाचा जुना सरदारी वाडा दिसतो. हा वाडा पुढे टपाल खात्याकडे आला आणि पिढ्यान्‌पिढ्या बॉनकरांचे मुख्य पोस्ट तेच होते. आपल्याकडे टपालपेटी लाल, तिकडे पिवळी, आणि तिच्यावर शिंगाचे चिन्ह. पूर्वी टपालगाडी गावात शिरताना गाडीवान शिंग फुंकत असे, त्याची ती आठवण.

सौ. म्हणाल्या, "पुतळा बघून झाला, आता शिक्के कुठं आहेत तुमचे?" शिक्के होते जुन्या बाजारात. राइन नदीकाठच्या मोठ्या बागेत उन्हाळ्याच्या दिवसांत महिन्यातून एकदा शनिवारी तो भरतो. कपबशा, जुने कोट, खेळणी, आणि मधेच बुटांच्या खोक्यांतून जुनी पाकिटे. एका म्हाताऱ्या विक्रेत्याजवळ आम्ही दोन तास बसलो. मुलगी दुभाषी झाली. आम्ही त्याच व्यवसायातले, हे कळल्यावर त्याने आतली खोकीसुद्धा काढली.

शिक्का म्हणजे राज्य कुणाचे याचा दाखला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी राइनचा डावा किनारा घेतला. तेव्हाच्या शिक्क्यावर फ्रेंच पद्धतीने जिल्ह्याचा क्रमांक आणि खाली गावाचे नाव. नेपोलियन पडल्यावर प्रशियाचे राज्य आले. प्रशियाने १८५० साली तिकिटे काढली आणि ती रद्द करायला नुसत्या आकड्यांचे गोल शिक्के दिले. प्रत्येक पोस्टाला आपला आकडा. गावांची यादी वर्णमालेप्रमाणे लावलेली, म्हणून आखेनला १ मिळाला. लग्नाच्या पंगतीत मानपान न पाहता नावाप्रमाणे बसवावे तसे! पुढच्या शिक्क्यांवर गाव, तारीख आणि तास आले. तासापुढे व्ही असेल तर दुपारच्या आधीची वेळ, एन असेल तर नंतरची. पत्र किती वाजता पेटीतून निघाले ते शंभर वर्षांनी आम्हांला कळत होते.

परदेशी टपालाची एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. १८७४ साली बर्न येथे अनेक देशांचा टपाल करार झाला. त्यामागे जर्मन टपालप्रमुख हाइन्रिख फॉन श्टेफान यांची खटपट मोठी. त्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा असे. नंतर लंडनचे तिकीट लावलेले पत्र तेवढ्याच पैशांत जर्मनीत पोहोचू लागले. पैशापैशाची काटकसर करणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय किती मोलाची, हे सांगायला नको.

अखेर ते पाकीट सापडले. बॉन, मे १९२१. आत पत्र नाही. वर ६० फेनिगचे तिकीट. साधे, वापरलेले, एका कडेला फाटलेले. त्या वेळी गावात फ्रेंच फौज होती. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता आणि १९२६ पर्यंत हे गाव परक्या फौजांच्या ताब्यात राहिले. तशा गावच्या विद्यापीठात आपल्या महारवाड्यातून निघालेला एक माणूस जर्मन भाषेत अर्ज करून नाव घालतो! आम्ही ते पाकीट बराच वेळ हातात धरून राहिलो. विक्रेत्याने दोन युरो सांगितले. घासाघीस करण्याची इच्छा झाली नाही.

त्याच खोक्यात १९२३ ची पाकिटे होती. ती पाहून मात्र हसू आले आणि मग हसू थांबले. जानेवारी १९२२ मध्ये जर्मनीत साध्या पत्राला दोन मार्क लागत. १९२३ च्या जानेवारीच्या मध्यास ५०, ऑगस्टच्या आरंभी १,०००, ऑक्टोबरच्या आरंभी २० लाख, २० नोव्हेंबरला दोन हजार कोटी मार्क आणि १ डिसेंबरला दहा हजार कोटी! तिकिटे छापून येईपर्यंत दर बदललेला असे. म्हणून जुन्या तिकिटांवरच नवे आकडे छापले. तरी पुरेनात, तेव्हा पाकिटाच्या दोन्ही बाजू तिकिटांनी भरल्या. शेवटी कारकुनाने रोख पैसे घेऊन "शुल्क भरले" असा शिक्का मारायचा. ज्याने हे काम केले त्याचे हात कसे दुखले असतील ते आम्हीच जाणू.

हाती मजुरी पडते आणि बाजारात पोहोचेपर्यंत तिची किंमत जाते, हे त्या देशातल्या कामकऱ्याने भोगले. बाहेरून पौंड घेऊन येणाऱ्याला तिथे स्वस्ताई होती, घरच्या माणसाला उपासमार. त्याच १९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा परदेशी दर सांभाळून भागत नाही, त्याची देशातली खरेदीची ताकद टिकली पाहिजे आणि सरकारला हवे तेवढे चलन काढता येऊ नये, असा त्यांचा रोख. आपल्यापैकी अनेकांना तो ग्रंथ अवघड वाटतो. आम्हांलाही वाटला. पण हे पाकीट पुढ्यात ठेवून वाचायला घेतला तर पहिली पायरी चढता येते.

बॉनहून गेलेल्या एका पत्राची गोष्ट तिकडचे लोक अजून सांगतात. टोमास मान या लेखकाला विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. हिटलरशाहीत त्यांचे नागरिकत्व काढले गेले. लगेच डिसेंबर १९३६ मध्ये विद्यापीठाने स्वित्झर्लंडला त्यांच्या पत्त्यावर चार ओळी धाडल्या: तुमची पदवी रद्द. मान यांनी सविस्तर जाहीर उत्तर लिहिले. दोन्ही पत्रे छापून निघाली आणि चोरून जर्मनीत शिरली. पदवी परत मिळाली ती १९४६ साली. त्याच १९३६ साली लाहोरच्या मंडळाने बाबासाहेबांचे भाषण होऊ दिले नाही. त्यांनी मंडळाशी झालेला पत्रव्यवहार पुढे जोडून ते स्वतःच छापले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच.

सगळीच पत्रे अशी गाजत नाहीत. बॉनचे गणिती फेलिक्स हाउसडॉर्फ ज्यू होते. जानेवारी १९४२ मध्ये घर सोडून एन्डेनिखच्या मठात कोंडून राहण्याचा हुकूम झाला. त्यांनी स्नेह्याला निरोपाचे पत्र लिहिले आणि पत्नी व मेहुणीसह जीवन संपवले. मठात कोंडलेल्यांना त्याच उन्हाळ्यात मरणाकडे पाठवण्यात आले. ते वाचल्यावर सौ. बाजारातल्या त्या सालच्या पाकिटांना हात लावेनात.

युद्धानंतर हे लहान गाव पश्चिम जर्मनीची राजधानी झाले. १९४९ च्या सप्टेंबरात संसद भरली, त्या निमित्ताने नव्या टपाल खात्याचे पहिले तिकीट निघाले. त्या काळच्या पाकिटांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी दोन फेनिगचे चिमुकले निळे तिकीट दिसते. ते बर्लिनच्या मदतीसाठी, १९५६ पर्यंत सक्तीचे. १९९९ मध्ये सरकार बर्लिनला गेले, पण टपाल कंपनी गेली नाही. तिचा १६२ मीटर उंचीचा काचेचा मनोरा नदीकाठी उभा आहे, पुरा झाला २००२ मध्ये.

निघण्यापूर्वी आम्ही आपल्या विहाराच्या वाचनालयाच्या पत्त्यावर एक कार्ड टाकले. पिवळ्या पेटीत, बॉनच्या रस्त्यावर. बॉनचा शिक्का उमटेल म्हणून पोरांना आधीच कळवून ठेवले होते. आम्ही परतल्यावर आठवड्याने कार्ड आले. शिक्का यंत्राचा, स्वच्छ. त्यावर गावाचे नाव नाही. टपालकेंद्र आणि ५३ एवढेच. बॉनचे पिनकोड आता ५३ ने सुरू होतात, आणि भागातली सगळी पत्रे एकाच केंद्रात जातात.

पोरे हिरमुसली. मग आम्ही ते मे १९२१ चे फाटके पाकीट बाहेर काढले आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचनालयाच्या काचेखाली लावले.