टिनायकरांची गिटार, नानांचा बँजो

मुंबईच्या रॉक मशीन या बँडचे आजवरचे अल्बम मी मोजतो ते चार. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड', १९९० साली 'द सेकंड कमिंग'. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं आणि १९९५ साली त्याच नावाचा तिसरा अल्बम आला. चौथा 'इव्हॉल्व्ह', २०१२ साली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये सतरा वर्षं! आमच्या धंद्यात एखाद्या सॉफ्टवेअरला दोन वर्षं अपडेट आलं नाही तर लोक ते मेलं म्हणून समजतात आणि दुसरं शोधतात.

तुमच्यापैकी बहुतेकांनी यातला एकही ऐकला नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. पहिला आला तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. मी हे चारही अल्बम ओळीने ऐकले ते २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, घोडेगावात, कांद्याच्या चाळीशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून. सोबत माझे चुलते होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

घोडेगाव म्हणजे नगर-संभाजीनगर हायवेवरचं गाव. शनिशिंगणापूरला जाताना जिथे वळता ते. वळून पुढे निघून जाता, थांबत नाही, ते माहितीय मला. ज्यांना जनावरं घ्यायची-विकायची असतात किंवा कांदा लिलावाला आणायचा असतो, ते थांबतात. संगीत म्हणाल तर घोडेश्वरी देवीच्या यात्रेतलं, वरातीतलं आणि कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवरचं. ट्रॅक्टरवर बसवलेल्या टेपचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू जातो, आणि ऐकायचा की नाही हे तुम्हाला कोणी विचारत नाही.

अशा गावात 'द सेकंड कमिंग'ची कॅसेट आली ती नानांमुळे. १९९० च्या आसपास ते वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका आडत्याच्या गाळ्यावर हिशेब लिहायला होते. रविवारी फोर्टात जायचे आणि फूटपाथवर मांडलेल्या कॅसेटी चाळत बसायचे. इंग्रजी गाणी त्यांना कळत नव्हती. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावरची नावं मात्र ते वाचायचे, कारण वादक कोण आहे हे बघायची त्यांना खोड. त्या कागदावर गाणारा उदय बेनेगल, गिटारवर महेश टिनायकर आणि जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, शिवाय मार्क सेल्विन आणि मार्क मेनेझेस असे दोन मार्क. नानांचं बोट टिनायकरांवर थांबलं. '-कर' लागलेलं आडनाव इंग्रजी बाजाच्या कॅसेटवर! "म्हटलं, हा आपल्याकडचाच कोणीतरी दिसतोय. बघू तरी काय वाजवतोय," एवढंच कारण त्यांनी मला सांगितलं.

आता नाना वाजवतात काय, ते सांगायला हवं. बँजो. तुम्ही वरातीत पाहिला असेल. लांबट लाकडी पेटी, वर तारा, डाव्या हाताला टाइपरायटरसारख्या कळा. त्याचं खरं नाव बुलबुल तरंग. मूळ जपानचं. १९१२ साली नागोयातल्या गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, आणि कळांची कल्पना टाइपरायटरवरून आलेली. तिथून ते हिंदुस्थानात आलं, आणि महाराष्ट्रात त्याला पिकअप लागला, अँप्लिफायर लागला, शेजारी कॅसिओ आणि ढोलकी उभी राहिली आणि त्याची झाली बँजो पार्टी. म्हणजे वाद्य जपानी, नाव अमेरिकेतल्या एका भलत्याच वाद्याचं, आणि त्यावर वाजतंय काय, तर लताबाईंचं गाणं किंवा देवीचं गाणं. वरातीत नाचणाऱ्या कोणालाही हे उसनं वाटलेलं नाही.

नाना मुंबई सोडून परत आले, कारण आजोबांना शेती झेपेना. आल्यावर वीसेक वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या वराती वाजवल्या. मग डीजे आला. ट्रकभर स्पीकर आणि एक लॅपटॉप असला की पाच-सहा वादकांचं काम काय? नानांनी बँजो कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला. त्यावर त्यांनी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. कांद्याच्या भावाबद्दल मात्र रोज करतात.

लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून गावी आलो आणि घरून काम सुरू झालं. रेंज मिळायची ती फक्त चाळीच्या कोपऱ्यात. एका संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटशी कॉल संपवून मी हेडफोन काढला, तर नाना कांदा निवडत बसलेले. खालमानेनेच त्यांनी विचारलं, "फोनवर तू कोणाच्या आवाजात बोलत होतास रे?"

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखतींची तयारी करताना मराठी माध्यमातल्या आम्हा पोरांना एक आवाज बनवावा लागतो. तो थोडा नाकातून येतो, त्यात 'आर' जरा गुंडाळलेला असतो, आणि तो लावला की समोरचा "सॉरी?" म्हणत नाही. पगार त्या आवाजावर चालतो. मी नानांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. माझ्याकडे एक कॅसेट आहे, त्यातला गाणारा पण असंच करतो. गिटारवाला नाही करत."

कॅसेट सापडली, टेप नव्हता. मग फोनवर शोधलं. जुने अल्बम कोणी ना कोणी इंटरनेटवर चढवलेलेच असतात. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

'रॉक अँड रोल रेनेगेड' ऐकताना पहिली पाच मिनिटं मला हसू येत होतं. हे पूर्ण ऐंशीचं दशक आहे. १९८६ साली बॉन जोव्हीचा 'स्लिपरी व्हेन वेट' आणि युरोपचा 'द फायनल काउंटडाउन' आला, आणि जगभरच्या पोरांनी केस वाढवले. त्या प्रकाराला मेलोडिक रॉक म्हणतात. गिटार करकरीत, ढोल दणदणीत, पण सगळ्यांच्या वर चाल. कोरस असा की दुसऱ्यांदा आला की तुम्ही गायला लागता, आणि गिटारचा सोलो असा की गुणगुणता येतो. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुष्कळ रॉकमध्ये सोलो म्हणजे बोटांची कसरत. इथे सोलो म्हणजे गाण्याचा आणखी एक अंतरा, फक्त शब्दांशिवाय.

आणि नेमकं हेच काम वरातीत बँजो करतो. त्याला शब्द नसतात. लोकांना ओळखीचा मुखडा उचलायचा, तार छेडत छेडत तो सूर लांबवायचा, आणि माणसाला शब्द आपोआप आठवायला लावायचे. नाना रॉक ऐकत नव्हतेच. ते एका सुरावट वाजवणाऱ्या माणसाला ऐकत होते. मधेच हात वर करून म्हणायचे, "थांब, हे परत लाव. इथे त्याने तार ओढली." गिटारवर तार बोटाने वर ओढली की सूर सरकत वर जातो. बँजोवर कळ जरा जास्त दाबून तसं थोडंफार साधतं, पण थोडंफारच.

त्या काळात आपल्याकडे रॉक बँड म्हणजे दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवणारी पोरं. कोण किती बरोब्बर नक्कल करतो यावर टाळ्या. रॉक मशीननेही १९८४ साली तशीच सुरुवात केली होती. तरी पहिला अल्बम त्यांनी आपल्या स्वतःच्या गाण्यांचा काढला, हे धाडस होतं. गाणी त्यांची, पण उच्चार मात्र अजून अमेरिकेचा. मला विचाराल तर पहिल्या दोन अल्बमांत बेनेगल गातात फार जोरकस, पण ते मुंबईचे आहेत हे ओळखायला तुम्हाला आतला कागदच वाचावा लागतो. मुलाखतीच्या खोलीतला आवाज मला त्यात ऐकू आला. नानांनी तो तीस वर्षांपूर्वी, इंग्रजी न कळता, ओळखला होता.

तिसरा अल्बम वेगळा आहे. तोपर्यंत उपग्रह वाहिन्या आल्या होत्या, आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला १९९३ साली एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला होता. अशा वेळी, नाव कमावल्यावर, नाव बदलायचं? कुठलाही मार्केटिंगवाला त्यांना वेड्यात काढेल. पण वाजवणं बदललं होतं, आणि 'रॉक मशीन' हे नाव कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँडचं असू शकलं असतं. 'ट्रॅप्ड' ऐका. आवाज खाली आलाय, घाई कमी झालीय, गिटार जागा सोडून वाजते. नाना या अल्बमला एकदाच "हां" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुरे.

१९९७ मध्ये बँड मोडला. बेनेगल आणि गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' सुरू केला, बेनेगल न्यूयॉर्कला गेले. हिंदी पॉपची लाट आली होती, इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईच्या बँडला विचारतो कोण? बेनेगल परतल्यावर ते आणि टिनायकर 'व्हर्लिंग कालापाज' नावाने विजेशिवायच्या गिटारींवर वाजवत होते. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा जुळला, त्यात बेनेगल, टिनायकर, बालापोरिया हे जुने तिघं आणि बेसवर रुशाद मिस्त्री, ड्रम्सवर जय राव कवी हे दोन नवे. दोन वर्षांनी 'इव्हॉल्व्ह'.

यावर आमचं भांडण झालं.

मला चारांत तो सगळ्यात आवडतो. आठच गाणी. एकेक सावकाश उलगडतं, कोरसला पोचायची घाई नाही. मिश्रण टिम पामर या ब्रिटिश निर्मात्याने केलेलं, त्यामुळे प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. 'फायरफ्लाइज' ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आता कोणासारखा गात नाही. इंग्रजीच आहे, पण त्या इंग्रजीचा पत्ता लागतो. ते कशामुळे होतं, वयामुळे की मधल्या सतरा वर्षांमुळे, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारत होतो, कारण माझ्या कॉलवरच्या आवाजाला तेव्हा तीनच वर्षं झाली होती.

नाना म्हणाले, "लांबड लावलीय." मी म्हटलं, नाना, हे लोक पन्नाशीला आलेत, आता काय उड्या मारणार? तर म्हणाले, "उड्या नको मारू देत. चाल तरी द्यावी. हे बघ, वरातीत एवढा वेळ चाल नाही दिली तर नवरदेव घोड्यावरून उतरून घरी जाईल." त्यांच्या मते 'द सेकंड कमिंग'च खरा. मी त्यांना रचना, पोत वगैरे समजावायला गेलो. ते कांदे निवडत राहिले. पण दोन दिवसांनी, भांडी घासायच्या जागेपाशी उभे असताना, त्यांनी मधूनच विचारलं, "मधे सतरा वर्षं तो टिनायकर घरी वाजवत असेल का रे?"

मी सांगितलं, बंद नव्हतं केलं त्यांनी, दुसऱ्या नावाने वाजवत होते.

"बाहेर वाजवत होता. घरी का, ते विचारलं मी."

त्याचं उत्तर कुठल्या पानावर मिळणार? मी गप्प राहिलो. त्या आठवड्यात बँजो माळ्यावरून खाली आला. तारा गंजल्या होत्या, दोन कळांच्या स्प्रिंगा गेल्या होत्या. नगरची वाद्यांची दुकानं बंद, त्यामुळे कळांना नानांनी बॉलपेनातल्या स्प्रिंगा कापून बसवल्या आणि दोन तारा कुठून काढल्या ते अजून सांगितलेलं नाही. बाकीच्या दिवाळीच्या आधी आल्या. मग रोज संध्याकाळी 'द सेकंड कमिंग'मधल्या एका सोलोची सुरावट. जिथे टिनायकर तार ओढतात तिथे नाना अडायचे. कळ दाबून बघायचे, मग दोन सूर पटापट वाजवून तो सरकल्याचा भास करायचे. सोलो तसाच राहिला नाही. थोडा यात्रेतला झाला.

माझे कॉल त्याच वेळेला असायचे. एकदा म्यूट करायचं राहिलं आणि पलीकडून क्लायंटने विचारलं की मागे काय वाजतंय. त्याला काय सांगणार, मी म्हटलं, बँजो. तो टेनेसीचा. म्हणाला, आमच्या घरात तीन पिढ्या बँजो आहे, बँजो असा वाजत नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे वाजतो. आणि त्याने "सॉरी?" विचारलं, तेव्हा पुन्हा एकदा, हळू, तेच म्हटलं.