वडिलांचे घर आणि त्यावरील बोजा

२०१० साली वडील निवर्तले तेव्हा भोरमधील दोन खोल्यांचे घर आमच्याकडे आले आणि त्यावरील ३ लाख १० हजार रुपयांची कर्जबाकीही आली. एस.टी.च्या नोकरीत असताना, २००६ मध्ये, त्यांनी हे घर एका पतसंस्थेकडे गहाण ठेवून ते कर्ज काढले होते. गहाणखतावर सही करून आले त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. कर्जाचे कसले पेढे, असे शेजाऱ्यांना वाटले असेल.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या पेढ्यांचा अर्थ लागतो. आमचे मूळ गाव वेल्ह्याकडचे, राजगडाच्या बाजूचे. आजोबांकडे होती ती महार वतनाची जमीन. गावाची राबणूक करावी, त्या बदल्यात जमिनीचा तुकडा कसावा, असा तो व्यवहार. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले; वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नव्हती. तारण ठेवता येईल अशी, स्वतःच्या कमाईची वास्तू आमच्या घराण्यात प्रथम वडिलांनी उभी केली.

दिवसकार्याला आलेल्या एका वयस्क नातलगांनी मला बजावले, "बापाचं ऋण पोरानं फेडायचंच असतं." ही समजूत जुन्या धर्मशास्त्रातली आहे. बापाचे कर्ज फेडणे हे तेथे मुलाचे धार्मिक कर्तव्य मानले गेले. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती सीमित केली. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान, त्यामुळे इंग्रजांचा कायदा येथे आपोआप लागू नव्हता. पुढे २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून मुलाकडून वसुली करण्याचा मार्गच बंद केला. आपण बौद्धही वारसाहक्काच्या याच कायद्याखाली येतो. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांवर आज हीच वेळ येत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: आपण जामीनदार किंवा सहकर्जदार नसू तर वडिलांचे कर्ज त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतेच असते. मात्र घर गहाण असेल तर घर जाऊ शकते. मी हप्ते भरण्याचे पत्करले ते घर राखायचे होते म्हणून. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचेही एक सुख आहे. ते वडिलांच्या वाट्याला आले नाही, एवढे मात्र मनात होते.

खरा पेच पुढेच होता. कर्ज एकाच नावावर चढवणे सोयीचे, म्हणून आई आणि ताईचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणा, असे मला सांगण्यात आले. ताई तयारही होती. "मला कशाला हवाय हिस्सा? तू भर, तूच घे," म्हणाली. मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला असे पुष्कळ शिकलेली माणसेही समजतात. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेबाबत होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात, मृत्युपत्र नसेल तर, पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना समान वाटा १९५६ पासूनच आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून ज्यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्यांची तसबीर भिंतीवर लावलेल्या घरात बहिणीची सही घ्यायची?

मी ताईला एवढेच म्हणालो, "सही नको, हप्ता दे. जमेल तेवढा."

ती थोडी रागावली, मग हसली. पतसंस्थेत चार खेपा जास्त झाल्या. तिघांनी मिळून हमीपत्र दिले. ताई दरमहा ८०० रुपये पाठवी, उरलेले मी भरी. २०१६ मध्ये कर्ज फिटले आणि मिळकतपत्रिकेवरील बोजा कमी झाला.

यंदा आई गेली. तिचे नाव कमी करण्याचा अर्ज परवा दिला. अर्जदार म्हणून खाली दोन सह्या आहेत, पहिली ताईची.