न गोठलेले तळे

भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेले ज्यूल व्हर्नचे ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ मी मेहरूणला, बोरांच्या मोसमात वाचले. व्हर्नच्या या १८७७ सालच्या कथेत धूमकेतू पृथ्वीचा लचका तोडून नेतो. त्यावरचा समुद्र शून्याखाली जाऊनही, निश्चल असल्यामुळे, गोठत नाही. छोटी नीना त्यात बर्फाचा तुकडा भिरकावते आणि क्षणात क्षितिजापर्यंत सारे गोठते.

दुसऱ्याच पहाटे मी मेहरूण तलावात खडा टाकला. वर्तुळे उठली, विरली. ‘असली खोटी पुस्तके वाचू नकोस,’ असे शाळेत ऐकले. तेव्हा ते पटलेही.

पुढे शिक्षक झाल्यावर हेच वाक्य मी एका विद्यार्थिनीला ऐकवले. त्यानंतर कधीतरी विज्ञानाच्या पुस्तकात वाचले : शून्याखाली द्रव राहिलेले पाणी बर्फाच्या स्पर्शाने खरोखरच गोठू लागते. पुस्तक खोटे नव्हते. खानदेशची थंडी अपुरी होती. अद्भुतालाही अटी असतात. त्या न पाहताच आपण निकाल देतो.

त्या मुलीची क्षमा मागायची राहूनच गेली. आता वर्गात कुणी बाकाखाली असे पुस्तक लपवले, तर मी एवढेच विचारतो : गोष्ट कुठवर आली?