काळ्या तारेतले ०.९ व्होल्ट

सापडलं! चार दिवस भेटेल त्याला सांगतोय. मल्टिमीटर दिसला की बायको आता खोलीतून उठून जाते, तरी तुम्हालाही सांगणारच.

डिकीत ८०० वॅटचा अँप आणि बारा इंची बूफर बसवून महिना झाला होता. ढोल-ताशा लावला की तिसऱ्या ठोक्याला अँपचा लाल दिवा लागून आवाज गप्प, आणि समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा उजेड ठोक्यागणिक मिचमिचणार. मी अँपला शिव्या घालत होतो. आमचा मोटार-वायरिंगवाला म्हणाला, "अँपला काय बोलता साहेब? आधी निगेटिव्हला मीटर लावून बघा."

निगेटिव्हला? ती काळी तार तर बॉडीला घट्ट आवळलेली!

आधी हिशेब बघा. ८०० वॅट बाहेर काढायला अँप हजारेक वॅट खेचतो. घरी २३० व्होल्टवर हजार वॅट म्हणजे जेमतेम साडेचार अँपिअर. गाडीत साडेबारा व्होल्टवर तेच ऐंशी! आणि मी ओढलेली पॉझिटिव्हची तार सहा स्क्वेअर एमएमची, पाच मीटर. तिच्यातच सव्वा व्होल्ट गायब. म्हणजे शंभर वॅटचा बल्ब गालिच्याखाली पेटवून मी गावभर फिरत होतो!

मग ५० हर्ट्झचा सलग सूर लावला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या निगेटिव्हला. येणार शून्य, दुसरं काय? आकडा आला ०.९! बॉडीवरच्या बोल्टला बोट लावलं तर चटका. उघडून बघतो तर वॉशरखाली कारखान्यातला चकचकीत रंग जसाच्या तसा. वीज बिचारी आट्यांतून वाट काढत होती. पॉलिश पेपरनं पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासलं, जाड लग दाबून आवळला, वरून ग्रीस. पुन्हा मीटर: ०.१. डिकीत एकटाच ओरडलो.

त्याच झपाट्यात वेल्डिंगची पंचवीस स्क्वेअर एमएम केबल आणली. अस्सल तांबं, बारीक तारांची, हवी तशी वळते. (तयार किटमधली जाडजूड लाल वायर चाकूनं खरवडून बघा, पुष्कळदा आत ॲल्युमिनियम निघतं.) बॅटरीपासून वीतभर अंतरावर १०० अँपिअरचा फ्यूज. तो अँपसाठी असतो असं मी समजत होतो! तो तारेसाठी असतो. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी पेटू नये म्हणून.

हेडलाइट मात्र मिचमिचतच होते. त्याचं मूळ बॉनेटखाली. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी, तिन्ही ठिकाणी जोडीला जाड केबल टाकली, पहिलीला वेगळा फ्यूज. आता भिंतीवरचा उजेड मुद्दाम बघितला तरच हलतो. आणि ढोल! टिपरू पडल्यावर कातडं थरथरतं, तेसुद्धा ऐकू येतं.

एक बारीक शिट्टी उरलीय, ॲक्सिलरेटरबरोबर चढते. अँपला गाण्याचा सिग्नल आणणारी आरसीए वायर मी पॉवरच्या केबलला चिकटूनच ओढलीय, संशय तिच्यावर. रविवारी गालिचा पुन्हा उचलणार. बायकोला अजून सांगितलेलं नाही.